वनमालाबाईंसाठी हातभर जागा

प्रति,
मा. महापौर व मा. आयुक्त, नगर निगम, ग्वाल्हेर,
आणि लष्कर, मुरार व जुन्या ग्वाल्हेरातल्या सर्व मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

दर डिसेंबरात तानसेन समारोह सुरू होतो त्या सकाळी मी हजीऱ्याला जाते. रात्रीच्या मैफली आता झेपत नाहीत, इथली थंडी गुडघ्यांत उतरते. पण सकाळचं सहसा चुकवत नाही. आधी सनई वाजते. मग ढोलीबुवा मठाचे महाराज हरिकथा सांगतात, आणि त्यांचं झालं की तिथेच मिलाद होतो, मजारीवर चादर चढते. शेजारी सूफी संत महंमद घौस यांचा जाळ्याजाळ्यांचा भलामोठा मकबरा, आणि त्याच्या आवारात तानसेनांची ही बुटकी, चारी बाजूंनी मोकळी मजार. चिंचेपाशी कुणी ना कुणी नातवंडाला पाला चघळायला लावत असतंच, गळा गोड व्हावा म्हणून. तानसेन जाऊन चारशेहून जास्त वर्षं झाली. तरी लष्कर भागातलं शेंबडं पोरही सांगेल की तानसेन कुठे आहेत ते.

गेल्या खेपेला तिथे सतरंजीवर बसले होते. हरिकथा चालू होती, आणि का कोण जाणे, एकदम मनात आलं, आपल्या वनमालाबाई, ‘श्यामची आई’ चित्रपटातल्या आई, कुठे आहेत? प्रश्न आला तो गेलाच नाही. हे पत्र त्यातूनच लिहिते आहे.

गेलेल्या माणसाला जागा कशी द्यायची हे या शहराला कुणी शिकवायला नको. लष्करात छत्री बाजार आहे, तिथे शिंद्यांच्या छत्र्या आहेत. महादजी गेले पुण्याजवळ, १७९४ साली, तर त्यांची छत्री वानवडीला उभी आहे. माधवराव महाराज १९२५ साली पॅरिसला वारले, आणि त्यांची छत्री शिवपुरीत, आई सख्याराजांच्या छत्रीसमोर बांधली. तिथे मूर्तींना अजून वस्त्रं नेसवतात, नैवेद्य दाखवतात, गाणं होतं. मी लहानपणी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा आईला विचारलं होतं की ही माणसं जिवंत आहेत का. आई म्हणाली, घरात असल्यासारखी आहेत.

पण छत्र्या राजांच्या, त्या होणारच. म्हणून मी फूलबागेकडे बोट दाखवते. झाशीची राणी जून १८५८ मध्ये या गावात पडली. इंग्रजांच्या हाती देह लागू नये म्हणून गंगादासांच्या शाळेतल्या, म्हणजे मठातल्या, साधूंनी घाईघाईने चिता रचली, गवताच्या गंजीने पेटवली. ना दहावा ना तेरावा, मागे राख तेवढी उरली. तरी ती जागा कुणी विसरलं नाही. आज तिथे समाधी आहे, ज्योत आहे, दर जूनमध्ये मेळा भरतो. तेव्हा ‘आपल्यात दहन करतात, मग जागा कुठली राहणार’ हे उत्तर निदान ग्वाल्हेरात तरी मला कुणी देऊ नये.

आता वनमालाबाई. नव्या मुलांना नाव सांगितलं की ती मोबाइल काढून शोधतात, म्हणून जरा बैजवार सांगते.

वनमाला पवार. पाळण्यातलं नाव सुशीला. जन्म १९१५ सालचा, उज्जैनचा. वडील बापूराव पवार ग्वाल्हेर संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. मुलगी पदवीधर झाली, पुण्यात शिक्षिका झाली आणि तिथून सिनेमात गेली. ‘सिनेमात गेली’ हे दोन शब्द आज सोपे वाटतात. १९१३ साली फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीच्या कामाला एक बाई मिळाली नाही, अण्णा साळुंके नावाच्या उपाहारगृहातल्या आचाऱ्याला लुगडं नेसवून उभं करावं लागलं. त्याच साली पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, म्हणजे नंतरच्या कमलाबाई गोखले, या दोघी मायलेकी धीर करून कॅमेऱ्यासमोर आल्या. त्या नाटकाच्या फिरस्त्या जगातल्या होत्या, त्यांना गमवायला समाजातली जागा फारशी नव्हती. संस्थानी अधिकाऱ्याच्या घरातल्या मुलीची गोष्ट निराळी. तिच्या पाठीमागे वाडा होता, नातीगोती होती, दरबार होता. घरातून विरोध झाला, व्हायचाच होता. आणि तरी ती गेली. मला या धाडसाचं अजून अप्रूप वाटतं.

१९४० साली ‘लपंडाव’ आला. दुसऱ्याच वर्षी सोहराब मोदींचा ‘सिकंदर’. पृथ्वीराज कपूर सिकंदर, मोदी स्वतः पोरस, आणि रुखसाना आमच्या वनमालाबाई. त्याच साली अत्र्यांचा ‘पायाची दासी’. मग ‘वसंतसेना’, मग १९४४ साली शांतारामबापूंचा ‘पर्बत पे अपना डेरा’. आणि १९५३ साली ‘श्यामची आई’. देशात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले १९५४ साली, आणि त्यातलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलंवहिलं सुवर्णपदक मिळालं या मराठी चित्रपटाला, ज्याच्यात आई झाली होती ग्वाल्हेरची लेक. हे वाक्य शहराच्या वेशीवर लिहून ठेवावं असं आहे.

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. आईची. तिच्यात लग्नातला शालू, बारशांची फुलं सुकून झालेला चुरा, आणि ‘सिकंदर’च्या गाण्यांचं पुस्तक. त्या काळी थिएटरात अशी पुस्तकं मिळत, वीतभर उंचीची, मुखपृष्ठ दोन रंगांत, आत थोडक्यात गोष्ट आणि गाणी. आमच्या पुस्तकाचं मागचं पान तेलाच्या डागाने पारदर्शक झालंय, कारण आई ते बरीच वर्षं देवाच्या फळीवर पोथ्यांखाली ठेवायची. सासूबाईंच्या नजरेला पडू नये म्हणून. आतल्या पानावर वनमालाबाईंचा फोटो आहे, डोक्यावर मुकुटासारखं काहीतरी, मान किंचित वळवलेली. त्याखाली आईने पेन्सिलीने, तिच्या त्या तिरक्या बारीक अक्षरात लिहिलंय, ‘आपल्या ग्वाल्हेरची’. आणि खाली आणखी बारीक, ‘दोनदा पाहिला’.

आईने स्वतः नववीत शाळा सोडली होती. दोनदा पाहिला हे लिहून ठेवावंसं तिला का वाटलं, हे विचारायचं राहूनच गेलं.

‘श्यामची आई’ मी पाहिला तो आमच्या शाळेच्या पटांगणात, साठीच्या दशकात. भिंतीला पांढरी चादर ताणलेली, मागे प्रोजेक्टरची खडखड, चादरीच्या पलीकडच्या बाजूला बसलेल्या पोरांना सगळं उलटं दिसत होतं तरी ती हलत नव्हती. रीळ बदलायला दिवे लावले तेव्हा मी मागे वळून पाहिलं. आमच्या बाई, ज्यांच्या छडीला अख्खा वर्ग टरकून असे, पदराने तोंड झाकून बसल्या होत्या. शेजारी शाळेचा शिपाई उभा, बुंदेलखंडातला माणूस, मराठीचं अक्षर त्याला कळत नसे. त्याचेही डोळे भरलेले. मी आज विचार करते, त्या माणसाला भाषा कळत नव्हती, साने गुरुजी कोण हे ठाऊक नव्हतं, कोकण त्याने नकाशातही पाहिलं नसेल. त्याला रडवलं ते त्या चेहऱ्याने.

पुढे वनमालाबाईंनी सिनेमा सोडला. अध्यात्माकडे वळल्या, वृंदावनात राहिल्या, तिथे स्वामी हरिदासांच्या नावाने पारंपरिक गाण्या-नाचाची संस्था उभी केली. हरिदास म्हणजे परंपरेने तानसेनांचे गुरू. त्यांची समाधी तिथे निधिवनात आहे. म्हणजे बघा, गुरूच्या गावी आयुष्याचा मोठा काळ काढला आणि अखेरचा श्वास घेतला तो शिष्याच्या गावी. मे २००७ मध्ये, नव्वदी ओलांडून, वनमालाबाई ग्वाल्हेरातच गेल्या. मी ती बातमी सकाळच्या चहाबरोबर वाचली. उन्हाळ्याची सुट्टी होती, घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. वाचून आईला सांगितली. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिने फक्त विचारलं, ‘गर्दी होती का गं?’ मला उत्तर देता आलं नाही, कारण मी गेलेच नव्हते. ही माझीही चूक आहे, आणि पत्र लिहिण्यामागे ती टोचणीही आहे.

माझ्या फिरण्या-पाहण्यात या शहरात त्यांच्या नावाचा एकही दगड आलेला नाही.

कुणी म्हणेल, नटनट्यांचं हे असंच असतं. मला तसं वाटत नाही, आणि ज्यांच्याकडे कबरी आहेत त्यांचंही सगळं टिकून असतं असं नाही. मुंबईला माझगावच्या रहमताबाद कब्रस्तानात मीनाकुमारी आहेत, शेजारी कमाल अमरोही. पण मधुबाला? १९६९ साली जुहूच्या कब्रस्तानात तिला दफन केलं, वर संगमरवर चढवला. २०१० साली नव्या मयतांना जागा पुरेना म्हणून ती कबर मोडली, तिच्याबरोबर मोहंमद रफी, नौशाद, साहिर, तलत महमूद यांच्याही. रफीसाहेबांचे चाहते आजही वर्षातून दोनदा तिथे जातात आणि जवळच्या एका नारळाच्या झाडावरून अंदाज घेतात की साधारण इथे. मुंबईत जमीन किती महाग आहे हे मला कळतं, त्या कब्रस्तानवाल्यांना मी दोष देत नाही. पण ते नारळाचं झाड माझ्या डोक्यातून जात नाही. दगड गेला तरी माणसं झाड धरून उभी राहतात.

आणि आपल्याकडे जिथे जिथे आठवण राहिली आहे तिथे ती कुणीतरी मुद्दाम ठरवून राखलेली आहे. फाळके १९४४ साली नाशकात गेले. चिता कुठे पेटली हे आज कुणी विचारत नाही, पण पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ आहे, बाबूराव पेंटरांच्या नावाने तिथे लोक नारळ फोडतात. कुंदनलाल सैगल १९४७ साली जालंधरला गेले, जालंधरात त्यांच्या नावाचं सभागृह आहे. पृथ्वीराजांची आठवण पुण्याजवळ लोणी काळभोरच्या राजबागेत कपूर घराण्याने राखली. वनमालाबाईंबरोबर एका पडद्यावर उभा राहिलेला सिकंदर तिथे आहे, आणि आमची रुखसाना बेपत्ता.

तिकडे लीलाबाई चिटणीस पाहा. त्याही शिकलेल्या, त्याही त्याच पिढीतल्या. २००३ साली त्या अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यात वारल्या. धारवाडची मुलगी, पार समुद्रापलीकडे. निदान वनमालाबाई आपल्या माणसांत, आपल्या मातीत गेल्या. मग तर आपली जबाबदारी वाढते.

सिनेमावाल्यांच्या बाबतीत आणखी एक दुखरी गोष्ट आहे. लोक म्हणतात, त्यांना कशाला दगड हवा, ते पडद्यावर आहेत की. कुठे आहेत? ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता, त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळ हाती राहिलं. ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट, १९३१ सालचा, त्याची एकही प्रत आज शिल्लक नाही. ती जुनी फिल्म नायट्रेटची असे. ठिणगी पडली की भडकायची, नाही भडकली तर डब्यातल्या डब्यात चिकट होऊन तिची भुकटी व्हायची. तिच्यावर चांदीचा थर असे, म्हणून कित्येक रिळं चांदी गाळायला विकली गेली. म्हणजे त्या पिढीतल्या कित्येकांचा देह जळाला तो जळालाच, छायाही जळाली. ‘श्यामची आई’ वाचली हे आपलं नशीब.

घरोघरच्या रीतीकडे आले की गोष्ट आणखी स्पष्ट होते. आपल्यात गेलेल्या माणसाला जमिनीत जागा नसते, पंचांगात असते. तिथी लागते, पान वाढलं जातं, नाव-गोत्र उच्चारलं जातं. पण श्राद्धात नावं घेतात ती किती? वडील, आजोबा, पणजोबा. तिकडच्या बाजूलाही तीनच. चौथ्या पिढीला भटजी विचारतात तेव्हा घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस छताकडे बघतं. मग उरते ती सर्वपित्री अमावास्या, ज्यांची नावं-तिथी कुणाला ठाऊक नाहीत अशा सगळ्यांची मिळून एक. घरच्यांनी तीन पिढ्या सांभाळलं तर त्यांनी त्यांचं कर्तव्य केलं. त्यापुढे तानसेनांना सांभाळलं ते या गावाने, राणीला सांभाळलं ते या गावाने. वनमालाबाईंचं नाव त्यांच्या घरातून उद्या सुटलं तर ते धरायला गाव उभं असावं, एवढंच माझं मागणं आहे.

नोंदींचंही बोलते, कारण त्यात मी होरपळले आहे. माझे आजोबा मूकपटाच्या काळात पडद्याशेजारी बसून पेटी वाजवायचे. पडद्यावर लढाई असली की एक चाल, विरह असला की दुसरी, आणि प्रेक्षक शिट्ट्या मारायला लागले की तिसरी. तबलजी एक, आजोबा एक, दोघांत मिळून अख्खं युद्ध. एका घरगुती कामासाठी मला त्यांच्या मृत्यूची जुनी नोंद हवी होती. ज्या कार्यालयात गेले तिथल्या माणसाने मला मागच्या खोलीत नेलं आणि लोखंडी कपाट उघडलं. पाऊस गळून गळून रजिस्टरांचा एकच ठोकळा झाला होता. बोटाने पान सुटेना. त्याने सुरीचं टोक घालून एक पान उचकटलं, तर शाई पलीकडच्या पानावर उमटलेली, उलटी, आरशात दिसावी तशी. मी त्या उलट्या अक्षरांत बराच वेळ आजोबांचं आडनाव शोधलं. तो माणूस बिचारा भला होता, मला चहा पाजला. पण त्या ठोकळ्यात किती घरांतली माणसं एकमेकांना चिकटून बसली असतील, सांगा. तिथून निघाले तेव्हा माझ्या बोटांना काळं लागलेलं होतं, आणि घरी येऊन हात धुवायलाही जिवावर आलं.

म्हणून माझी पहिली विनंती महापौर आणि आयुक्त, दोघांनाही. शहरातल्या मुक्तिधामांची आणि कब्रस्तानांची जुनी रजिस्टरं, जिथे जी उरली असतील ती, कोरड्या जागी आणून त्यांच्या पानापानाच्या छबी काढून घ्या. येत्या पावसाळ्याच्या आत. त्यात सिनेमाचा माणूस सापडेल, पेटीवाला सापडेल, हमालही सापडेल. कोणाचं नाव उद्या महत्त्वाचं ठरेल हे आज आपण ठरवू नये.

दुसरी विनंती वनमालाबाईंच्या जागेची. मला पुतळा नको. पुतळ्याला चौक लागतो, चौकाला राजकारण लागतं, आणि चेहरा कधी हुबेहूब येत नाही. मला हातभर दगड हवा. जागा मी सुचवते, बैजाताल. बायजाबाई शिंद्यांच्या नावाचं तळं, मोतीमहालाजवळचं. मध्ये पाण्यात रंगमंच, भोवती बसायला पायऱ्या. संध्याकाळी तिथे आयाबाया मुलांना घेऊन येऊन बसतात, शेंगदाणे खातात, गप्पा मारतात. एका कर्तबगार मराठी बाईच्या नावाच्या पाण्याशेजारी दुसरीचं नाव असावं. पायऱ्यांच्या वरच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून वाचता येईल इतक्या उंचीवर. ग्वाल्हेरचाच वालुकाश्म घ्या, संगमरवर नको, आपल्या किल्ल्याच्या दगडातलं अक्षर उन्हातही वाचता येतं. मजकूर मराठीत आणि हिंदीत, एवढाच:

वनमाला (सुशीला पवार)
उज्जैन १९१५ – ग्वाल्हेर २००७
‘श्यामची आई’

विशेषणं एकही घालू नका. ‘सुप्रसिद्ध’, ‘थोर’, ‘महान’ काही नको. उद्घाटन करणाऱ्यांची नावं दगडावर नकोत, हे हात जोडून सांगते. आणि हे सगळं त्यांच्या घरच्यांना विचारून, त्यांच्या संमतीने व्हावं. त्यांनी दुसरी जागा सुचवली तर ती माझ्या बैजातालपेक्षा मोठी मानावी.

२०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं सर्जनशील शहर म्हणून यादीत घेतलं. तेव्हापासून पाहुणे येतात, त्यांना किल्ला दाखवतात, तानसेन दाखवतात, जिवाजीगंजातलं सरोदघर दाखवतात. छान आहे. त्याच फेरीत दोन मिनिटं बैजातालवर थांबून सांगता येईल की जिने तानसेनांच्या गुरूच्या नावाने वृंदावनात संस्था काढली ती बाई या गावची, आणि ती आपल्या पहिल्या सुवर्णपदकाच्या चित्रपटातली आईही होती.

एक आक्षेप मला ओळखीच्या एका काकूंनीच घेतला, आणि तो खरोखर विचार करण्यासारखा आहे. त्या म्हणाल्या, ‘अगं, त्या बाईंनी स्वतःच तो झगमगाट टाकून दिला होता. ज्याने सगळं सोडलं त्याला परत नावात कशाला अडकवतेस?’ दोन दिवस मी गप्प होते. मग मला निधिवन आठवलं. हरिदासांनी काय कमी सोडलं होतं? बादशहाच्या दरबारात गेले नाहीत ते. तरी त्यांची समाधी आहे, आणि वनमालाबाई स्वतः त्या समाधीच्या गावात, त्या नावाची पताका धरून राहिल्या. आळंदीला आपण दरवर्षी जातो ते कुणाच्या दारी? विरक्त माणसाच्या समाधीला विरक्तीची आडकाठी आपल्या परंपरेने कधी केली नाही. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, बरं, मग दगड साधाच ठेव. तो साधाच आहे.

आता मंडळी, तुमच्याशी. आपली मुलं पुण्याला, बंगळुरूला गेली, वाडे विकले गेले, गोठींचे, म्हणजे जुन्या वस्त्यांचे, फ्लॅट झाले, माळ्यावरच्या पेट्या रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढताहेत. त्या चढायच्या आधी एकदा उघडा. सिनेमाची गाण्यांची पुस्तकं असतील, तिकिटाचे अर्धे तुकडे असतील, कुणाच्या लग्नात वनमालाबाई आल्या असतील तर त्याचा फोटो असेल. ज्यांनी त्यांना अखेरच्या वर्षांत जवळून पाहिलं, त्यांच्याशी बोललात, त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेलात, अशा तुम्ही कित्येकजणी याच गावात आहात आणि साठी-सत्तरीला आला आहात. लिहिता येत नसेल तर नातवाला मोबाइल धरायला सांगा आणि बोला. त्या काय जेवायच्या, कुणावर रागवायच्या, मराठी बोलताना मध्येच हिंदी यायचं का, सिनेमाचा विषय काढला तर हसायच्या की विषय बदलायच्या. हे कुठल्याही यादीत मिळणार नाही.

आणि एक दिवस ठरवू या. त्यांचा स्मृतिदिन मे महिन्यात येतो. उन्हाळा कडक असतो, म्हणून रात्री आठनंतर, पायऱ्या निवल्या की. बैजातालच्या पायऱ्यांवर बसून पाण्यातल्या मंचावर पडदा लावून ‘श्यामची आई’ दाखवावा. हिंदीत खाली ओळी आल्या तर उत्तमच, पण नाही आल्या तरी अडणार नाही. आमच्या शाळेतल्या शिपायाचं काही अडलं नव्हतं.

त्या दिवशी मी आईचं ते पुस्तक घेऊन येईन. आई आता नाही. पुस्तक शहराच्या संग्रहात नीट काचेखाली राहणार असेल तर कायमचं द्यायला मी तयार आहे, पावतीसुद्धा नको. मागचं तेलकट पान हवं तर निराळं करून ठेवा. पण आतल्या पानावर आईने पेन्सिलीने लिहिलं आहे ते कुणी खोडू नये, आणि पुस्तक त्याच पानावर उघडं ठेवावं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
लष्करची एक निवृत्त शिक्षिका